कायदा, नियम की नुसतं परिपत्रक? हातात आलेला कागद दुकानदाराने कसा वाचावा



आधी माझी एक चूक सांगते, मग विषयाकडे येते.

२०२२ च्या मे महिन्यात एका तालुक्याच्या गावी माझं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. चाळीसेक दुकानदार होते. चहाच्या सुट्टीत एक बेकरीवाले दादा जवळ आले. त्यांचं दुसरं दुकान उघडायचं चाललं होतं, कामाला चार माणसं. म्हणाले, "मॅडम, पाटी फक्त इंग्रजीत केली तर चालेल का? डिझायनरने लोगोच इंग्रजीत दिलाय." मी बिनधास्त सांगितलं, "दहापेक्षा कमी माणसं आहेत ना? मग मराठी पाटीचा नियम तुम्हाला लागूच नाही." दादा खुश झाले. मीही खुश, कारण तो नियम मला क्रमांकासकट पाठ होता. नियम ३५.

त्यांनी २८ हजारांची पाटी करून घेतली, आतून दिवे लागणारी. दिवाळीच्या तोंडावर नोटीस आली. फोन केला तेव्हा ते चिडलेले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. "तुम्ही सांगितलं म्हणून केलं हो मॅडम." एवढंच बोलले.

गंमत बघा, मी नियम चुकीचा वाचला नव्हता. नियम ज्या कायद्यावर उभा असतो, तो कायदा दोन महिन्यांपूर्वी बदलला होता आणि मी तो उघडूनच पाहिला नव्हता. बीबीएला आम्हाला बिझनेस लॉ होता. कायदा वेगळा आणि नियम वेगळा हे तिथे नक्की शिकवलं असणार. मी पास झाले आणि विसरले. नंतर ते शिकायला २८ हजार लागले, त्यातले निम्मे मी दिले. दादा नको म्हणत होते, तरी दिले.

म्हणून आज हेच नीट समजून घेऊया. मी वकील नाही, तुमच्यासारखी दुकानदार आहे. पण आपल्या गल्ल्यावर येणारा कागद कुठल्या पायरीवरचा आहे, एवढं आपल्याला कळलंच पाहिजे.

कायदा कोण करतं, नियम कोण करतं

आपण बोलताना सगळ्यालाच "नियम" म्हणतो. सिग्नलचा नियम, जीएसटीचा नियम, सोसायटीचा नियम. सरकारी कागदात मात्र प्रत्येक शब्दाला वेगळं वजन असतं.

"अधिनियम" म्हणजे कायदा. राज्याचा असेल तर तो विधिमंडळ करतं. विधेयक येतं, विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर होतं, राज्यपालांची आणि काही विषयांत राष्ट्रपतींची संमती मिळते, मग राजपत्रात छापून येतं. म्हणजे तुम्ही-आम्ही निवडून दिलेल्या लोकांनी हात वर करून केलेली गोष्ट.

"नियम" मात्र विधिमंडळ करत नाही. राज्य सरकारचा संबंधित विभाग करतो. आता विभागाला हा अधिकार कुठून आला? त्या कायद्यातच एक कलम असतं, की या अधिनियमाची उद्दिष्टं पार पाडण्यासाठी राज्य शासनाला नियम करता येतील. ते कलम नसेल तर विभागाने केलेल्या नियमाला काडीची किंमत नाही. साधारणपणे आधी मसुदा छापतात, हरकती-सूचना मागवतात, आणि झालेले नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. पण त्यावर कायद्यासारखी चर्चा आणि मतदान होऊन मगच ते लागू होतात, असं नाही.

आपल्या रोजच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, शॉप ॲक्ट. जुना कायदा १९४८ चा, मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम. तो जाऊन महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ आला. लागू झाला १९ डिसेंबर २०१७ ला. त्याचे नियम आले २३ मार्च २०१८ ला. मधले तीन महिने कायदा होता, पण नवे फॉर्म नव्हते.

आता कायद्यात काय आहे आणि नियमात काय, ते बघा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराने धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत सूचना द्यायची, हे कायद्याच्या कलम ७ मध्ये आलं. ती सूचना कुठल्या कागदावर द्यायची? ते नियमात, नमुना एफ. कामगाराला दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, जास्त केलं तर दुप्पट दराने पैसे, हे २०१७ च्या मूळ कायद्यात होतं. त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये कशी ठेवायची, ते नियमात.

म्हणजे काय करायचं आणि कोणी करायचं हे कायदा सांगतो, कसं करायचं ते नियम सांगतात. बहुतेक वेळा. नेहमी इतकं स्वच्छ नसतं, पण सुरुवातीला एवढं पुरे.

आता एक शब्द वहीत लिहून ठेवा: "विहित". कायदा वाचताना "विहित नमुन्यात", "विहित शुल्क", "विहित मुदतीत" असं जिथे जिथे दिसेल, तिथे समजायचं की इथे कायद्याने जागा मोकळी सोडली आहे आणि ती नियमांनी भरली आहे. लगेच नियमांची प्रत उघडायची. "अधिसूचनेद्वारे" असं दिसलं तर अधिसूचना शोधायची. "विनियमांद्वारे" दिसलं तर एखादं मंडळ किंवा आयोग आहे, त्याचे विनियम शोधायचे. मला हे एका निवृत्त कारकुनांनी शिकवलं. आमच्या दुकानात नातीला फ्रॉक घ्यायला आले होते. फ्रॉकवर मी डिस्काउंट दिला नाही, याची मला आजही लाज वाटते.

मग पाटीचं काय झालं होतं?

२०१८ च्या नियम ३५ मध्ये लिहिलं होतं की पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. पण हे नियम ज्या कायद्याखाली केले, तो कायदाच कलम ७ सोडून फक्त दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. मग नियम त्याच्या बाहेर कसा जाणार? कायद्याचं कुंपण जिथे संपतं, तिथे नियमही संपतो. विभागाने नियमात कितीही ठळक अक्षरांत "सर्व दुकाने" लिहिलं असतं, तरी चार माणसांच्या बेकरीला तो चिकटला नसता.

ही पळवाट सरकारच्याही लक्षात आली. आता नीट बघा, ती बुजवायला त्यांनी काय केलं. नियम बदलून भागलं असतं तर विभागाने कचेरीत बसून बदलला असता. पण भागत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने कायद्यातच दुरुस्ती करायचं ठरवलं, मार्चमध्ये दुरुस्ती विधिमंडळात मंजूर होऊन लागू झाली, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हेही कायद्यातच आलं. त्याच दरम्यान, फेब्रुवारी २०२२ मध्ये, पाटीच्या सक्तीविरुद्ध व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि वर २५ हजार रुपये भरायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगण्यात आलं. मुंबईत नोव्हेंबरअखेर कारवाई सुरू झाली, ती तुम्ही बातम्यांत पाहिलीच असेल.

मी मात्र मे २०२२ मध्ये २०१८ चे नियम पाठ करून बसले होते.

नियम आहे म्हणून हलकं घेऊ नका

इथे काही जण उलट टोकाला जातात. "कायदा थोडाच आहे, नियम तर आहे," असं म्हणून कागद खणात टाकतात. असं अजिबात करू नका. कायद्याने दिलेल्या अधिकारात राहून केलेला नियम कायद्याइतकाच बंधनकारक असतो. तो मोडला तर दंड होतोच.

फरक पडतो तो नियम मर्यादेबाहेर गेला तर. कायदा रद्द करायचा असेल तर तो राज्यघटनेविरुद्ध आहे किंवा विधिमंडळाला तो करण्याचा अधिकारच नव्हता, असं न्यायालयात दाखवावं लागतं. अवघड काम. नियमाच्या बाबतीत आणखी एक दार उघडं असतं: हा नियम मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या पलीकडे गेलाय. कायद्यात नसलेला कर नियम लावू शकत नाही. कायद्याने सूट दिलेल्याला नियम ओढून आत आणू शकत नाही.

जीएसटी भरणाऱ्यांना हे चांगलं आठवत असेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६ ला चौथा पोटनियम जोडला. तुमच्या पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवलं नसेल तर त्याचं क्रेडिट तुम्हाला मर्यादेतच मिळणार. आधी चढवलेल्याच्या वर २० टक्के, मग १०, मग ५. कायद्याच्या कलम १६ मध्ये मात्र अशी स्पष्ट अट १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मधली दोन वर्षं वकील आणि सीए भांडत होते की या नियमाला कायद्याचा आधार तरी कुठे आहे. आपण दुकानदार काय करत होतो? पुरवठादाराला रोज फोन करत होतो, "दादा, बिल चढवा हो." भांडण न्यायालयात चालू असलं तरी आपला कॅश फ्लो थांबत नाही, हे लक्षात ठेवा. नियमावर वाद आहे म्हणून तो न पाळण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

प्लास्टिकबंदीचंही तसंच. लोकांना वाटतं २०१८ ला नवीन कायदा आला. कायदा २००६ चा आहे, महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम. २३ मार्च २०१८ ला आली ती त्या कायद्याखालची अधिसूचना. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, ही दंडाची ताकद मूळ कायद्यातून येते. कुठल्या पिशवीवर बंदी आणि कुठल्या नाही, हे अधिसूचना सांगते. म्हणूनच जूनच्या शेवटच्या आठवड्यात बंदी अमलात आल्यावर लगेचच किराणावाल्यांच्या पॅकिंगबाबत सवलत देणारा बदल करता आला. त्यासाठी अधिवेशनाची वाट पाहावी लागली नाही. अधिसूचना आणि नियम असे पटापट बदलतात. कायदा हळू बदलतो. तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ असेल तर कायदा कदाचित तोच असेल, पण यादी बदललेली असू शकते. माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं, म्हणून दोन्ही तपासा.

आयोगाचे विनियम आणि तुमचं लाइट बिल

कधी कधी नियम सरकारचा विभागही करत नाही, एखादा आयोग करतो. त्याला "विनियम" म्हणतात. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? सांगते. दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमाराला लाइट बिलासोबत दुसरं एक बिल येतं, "अतिरिक्त सुरक्षा ठेव". दरवर्षी मला किमान पंधरा मेसेज येतात, मॅडम ही कसली लूट?

विद्युत अधिनियम, २००३ हा संसदेचा कायदा. त्याचं कलम ४७ फक्त एवढंच म्हणतं की वीज कंपनी ग्राहकाकडून वाजवी सुरक्षा ठेव मागू शकते, विनियमांनी ठरेल त्याप्रमाणे. वाजवी म्हणजे किती? ते राज्यात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. २०२१ च्या त्याच्या विद्युत पुरवठा संहितेत आलं, की मासिक बिल असेल तर सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव. पूर्वी ती कमी होती. तुमचा एसी वाढला, फ्रिज वाढला, बिल वाढलं, की ठेवीतला फरक मागितला जातो. म्हणजे कायद्यात एक ओळ, आणि तुमच्या खिशातून जाणारा आकडा आयोगाच्या विनियमात.

पण त्याच कलम ४७ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी फार कोणी वाचत नाही: या ठेवीवर कंपनीने व्याज द्यायचं, किमान बँक दराने. हा तुमचा हक्क कायद्यातच लिहिला आहे, आयोगालाही तो काढून घेता येणार नाही. बिलात ते व्याज जमा झालंय का, बघा. आणि आयोगाला विनियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हेही त्याच अधिनियमात आहे. त्या वेळी सूचना पाठवणाऱ्यांत मोठ्या उद्योगांच्या संघटना असतात. आपण किराणावाले, कपडेवाले, सलूनवाले तेव्हा कुठे असतो? गिऱ्हाईक करत असतो. मी स्वतःही आजवर एकदाही सूचना पाठवलेली नाही, त्यामुळे फार बोलत नाही.

परिपत्रक, जीआर आणि व्हॉट्सॲप

सगळ्यात खालच्या पायरीवर शासन निर्णय आणि परिपत्रकं. हे मुख्यतः सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना सांगितलेलं असतं. त्याने कायदा बदलत नाही, पण कधी कधी आपल्या फार कामाला येतं. दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हाच प्रश्न घ्या. २०१७ च्या कायद्यानेच वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली आहे. वेळेवर बंधन घालायचं तर सरकारने अधिसूचना काढायची, आणि ती मद्यविक्री, बिअर बार, हुक्का पार्लर अशांसाठी काढलेली आहे. तरीही बऱ्याच ठिकाणी रात्री साधी दुकानं बंद करायला लावली जायची. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ ला शासन निर्णय काढून स्पष्ट केलं की मद्याची ठिकाणं सोडून बाकी दुकानं २४ तास उघडी राहू शकतात, फक्त कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. त्या दिवशी सगळीकडे "नवा कायदा आला" म्हणून फिरलं. नवीन काही नव्हतं, आठ वर्षांपूर्वीच्या कायद्याची आठवण करून दिली होती.

अशा अर्धवट माहितीवर एजंट लोकांचा धंदा चालतो. मीही फसले आहे. २०१९ मध्ये एकाने "शॉप ॲक्ट रिन्यू करायचंय" म्हणून माझ्याकडून १,८०० रुपये नेले. माझ्याकडे तेव्हा तीन मुली कामाला. दहाच्या आतल्या दुकानाला नव्या कायद्यात नोंदणी नाही, फक्त सूचना, आणि सूचनेचं दरवर्षी नूतनीकरण कसलं? १९४८ च्या कायद्यातली सवय त्याने मला २०१९ मध्ये विकली. पावती मागितली तर म्हणाला, "ताई, विश्वास नाही का?"

आता कोणी तपासणीला आलं की मी पाणी देते आणि नम्रपणे विचारते, "साहेब, कुठल्या अधिनियमाचं कुठलं कलम?" नव्या शॉप ॲक्टमध्ये निरीक्षकाला "सुविधाकार" असा शब्द आहे, म्हणजे मदत करणं हेही त्यांचंच काम. बहुतेक अधिकारी नीट सांगतात. नोटिशीवर तर कलम आणि नियम लिहिलेलाच असतो. तो क्रमांक घ्या, आधी अधिनियम उघडा, त्यातलं पहिलं पान वाचा, कारण हा कायदा कोणाला लागू आणि कधीपासून हे बहुधा तिथेच असतं. मग दुरुस्त्या बघा, मग नियम. राजपत्र आणि शासन निर्णय दोन्ही सरकारच्या संकेतस्थळांवर मराठीत फुकट मिळतात. भाषा जड असते, पण दोन-तीन वाचल्यावर सवय होते.

ते बेकरीवाले दादा आता माझ्यापेक्षा हुशार झालेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शॉप ॲक्टमधला १० कामगारांचा आकडा २० करायला आणि ९ तासांचे १० तास करायला मंजुरी दिली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर "आजपासून १० तास" असे मेसेज सुरू झाले. दादांनी खाली लिहिलं, "मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायदा नाही. राजपत्रात येऊ द्या." बरोबर होतं त्यांचं. हे आकडे कायद्यात असल्यामुळे साध्या अधिसूचनेने बदलणार नव्हते, त्यासाठी पुढे अध्यादेश काढावा लागला.

मग त्यांनी मला वेगळा फोन करून विचारलं, "मॅडम, आता १० चे २० झाले तर माझी मराठी पाटी परत ऐच्छिक होते का?" या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, उद्या सांगते. रात्री २०२२ ची दुरुस्ती पुन्हा काढून वाचली. पाटीचं कलम नोंदणीवाल्यांना आणि फक्त सूचना देणाऱ्यांना, दोघांनाही लागू केलेलं आहे. आकडा कितीही सरकला तरी दुकान या नाहीतर त्या गटात असणारच. सकाळी दादांना सांगितलं, पाटी राहू द्या.